तेच ते, पुन्हा एकदा

कागदावरच्या वीरांचा मला एका बाबतीत फार हेवा वाटतो. भर कारकिर्दीत धंदा बदलला, तरी त्यांना घरी कोणी बोलत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या कुणाच्याही मनात एखाद्या लेव्हलला येतं, की तलवार पुरे झाली, आता जरा मंत्र शिकू. नियम म्हणतो, शीक. जुन्या आणि नव्या क्लाससाठी, म्हणजे धंद्यासाठी, लागणाऱ्या गुणांत किमान १३ असले, की झालं. ना वयाची अट, ना राजीनामा. याला मल्टिक्लास म्हणतात. एक ना धड भाराभर चिंध्या, असं आपण ज्याला नाक मुरडून म्हणतो, त्याचीच ही रीतसर सोय आहे.

घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. दोन्ही क्लास तीच विद्या शिकवायला निघाले तर?

उदाहरणार्थ एक्स्ट्रा अटॅक. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत फायटर पाचव्या लेव्हलला पोचला, की एका खेपेला एकाऐवजी दोन वार करतो. पॅलाडिनलाही पाचव्या लेव्हलला हेच मिळतं. मग एखादा हिशेबी खेळाडू आधी फायटरच्या पाच लेव्हल पुऱ्या करतो, नंतर पॅलाडिनच्या पाच घासतो आणि तिसऱ्या वारासाठी हात उगारतो. पुस्तक शांतपणे सांगतं, की या दोहोंची बेरीज होत नाही. वार दोनच. पहिले पाढे पंचावन्न! तिसरा वार हवा असेल, तर फायटर म्हणूनच अकराव्या लेव्हलपर्यंत टिकायला हवं होतं. एकाच खुर्चीत चिकटून राहिलेल्यांची बाजू इतक्या ठामपणे घेणारा दुसरा नियम मला माहीत नाही.

आपल्याकडे लग्नात भिंतीवरची सात घड्याळं यायची, तसंच हे. घड्याळं सात झाली म्हणून दिवस काही लांबत नसे. फार तर घरात वेळेबद्दल मतभेद वाढत.

त्याहून मजेदार गोष्ट अनआर्मर्ड डिफेन्सची. चिलखत न घालता अंग वाचवायची ही कला बार्बेरियनला येते आणि मंकलाही. पण दोघांची तालीम निराळी. दहा आणि चपळाई दोघांच्या हिशेबात आहेच; त्यात बार्बेरियन आपला काटकपणा मिळवतो आणि मंक आपलं शहाणपण. लोभी खेळाडूला अर्थातच तिन्ही हवे असतात. नियम सांगतो, की ही कला एकदा अंगी असली, की दुसऱ्या क्लासकडून ती पुन्हा मिळत नाही. म्हणजे आधी बार्बेरियन होऊन मग मठात गेलेला माणूस जन्मभर काटकपणावरच निभावणार. समोर गुरुजी ध्यानधारणेतून वार चुकवायला शिकवताहेत आणि हा मागच्या रांगेत बसून मनात म्हणतोय, आमचं झालंय हे. या नियमाचं मला हसू येतं आणि तो पटतोही. जगापासून बचाव करायची जी पहिली रीत माणूस शिकतो, ती सहसा सुटत नाही. पुढे कितीही शहाणपण आलं तरी अडचणीच्या वेळी तीच बाहेर येते.

देवाच्या दारातही हीच शिस्त. क्लेरिक आणि पॅलाडिन दोघांनाही चॅनल डिव्हिनिटी मिळते. दोन्ही झालेल्या वीराला देवाकडे काय काय मागता येईल, याची यादी लांबते. किती वेळा मागता येईल, तो आकडा मात्र केवळ दुसरा क्लास घेतला म्हणून वाढत नाही. मागण्या वाढल्या म्हणून देव अधिक वेळा भेटत नाही, हे आपल्यापैकी कुणालाही समजावून सांगायची गरज नसावी.

मग बेरीज होते तरी कशाची? मंत्रांच्या ताकदीची. २०१४च्या या नियमांत पॅलाडिन विझार्डही झाला, तर पॅलाडिनच्या लेव्हलची निम्मी, अपूर्णांक टाकून, विझार्डच्या लेव्हलमध्ये मिळवायची. पाच आणि पाच लेव्हलवाल्याला मंत्रांचे स्लॉट सातव्या लेव्हलच्या जादूगाराइतके मिळतात. म्हणजे हात काही दोनाचे तीन होत नाहीत, पण आतला साठा थोडा थोडा जमत राहतो. नियम लिहिणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल की नाही, कोण जाणे. मला तो केलेला दिसतो.

पूर्वी हे सारं याहून कठोर होतं. १९७८च्या 'ॲडव्हान्स्ड' नियमांत धंदा बदलणाऱ्या मानवाने नव्या क्लासात जुन्या लेव्हलच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरायचीच नाही, असा दंडक होता. जीव वाचवायला का होईना, जुनी कला वापरली, की त्या मोहिमेचा अनुभव शून्य. नव्या सुनेने माहेरचं नाव काढायचं नाही, तशातला प्रकार. २००३च्या साडेतीन म्हणजे ३.५ आवृत्तीत मात्र कुणाला तरी दया आली. तिथे बार्बेरियनला आणि चोरालाही 'अनकॅनी डॉज' मिळतो. बेसावध असतानाही अंगाची चपळाई जागी ठेवणारी ही विद्या. एका क्लासकडून ती आधीच मिळालेली असली, तर दुसरा क्लास तीच पुन्हा देत नाही. तिची सुधारलेली, दोन बाजूंनी घेरणाऱ्यांनाही पुरून उरणारी आवृत्ती देतो.

तीन काळ, तीन उत्तरं. जुन्या पुस्तकाने सांगितलं, आधीचं विसर. मधल्याने सांगितलं, तेच पुन्हा शिकलास, तर ते मुरेल. नव्याने सांगितलं, शीक हवं तर, मोजणार नाही. कागद आटोपशीर ठेवायला तिसरं उत्तर उत्तम. मला विचाराल तर मधलं खरं. एकच गाणं दोन गवयांकडून ऐकलेल्याला ते दोनदा येत नाही, हे कबूल. पण त्याला ते एकदाच शिकलेल्यासारखंही येत नाही.

आमच्या टेबलावर एकाने हीच तक्रार केली. "दोन्हीकडे मरमरून शिकलो, आणि शीटवर एकच ओळ? मग मिळालं काय मला?" आमची डंजन मास्टर फासा हातात खेळवत म्हणाली, "दोन गुरू मिळाले की! पुढच्या गावात दोघंही उतरलेत, तुझी वाट बघताहेत." तो हरखला. मग तिने सावकाश सांगितलं, की दोघांचीही गुरुदक्षिणा बाकी आहे, आणि त्या दोन रकमांची मात्र नियमाप्रमाणे बेरीज होते.