जितकी भीती तितकी खाती

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी मशीन बंद असतं आणि मालक चालू. विजेच्या वाटणीपायी कधी काळी ठरलेली ही साप्ताहिक सुट्टी आता अंगवळणी पडली आहे. सारा देश रविवारी मटणावर आडवा हात मारून झोपतो, तेव्हा आम्ही शेडमध्ये व्हीएमसी मशीनचं इन्सर्ट बदलत असतो. पण गुरुवारची एक सोय आहे. त्या दिवशी बँका उघड्या असतात. सकाळी अकराच्या सुमारास कुठल्याही शाखेत डोकवा, इस्त्रीचा शर्ट घातलेले पण नखांत कटिंग ऑइल राहिलेले चार-पाच जण दिसणारच. काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात रबरबँड लावलेली चेकबुकं, पॅनकार्डाच्या झेरॉक्स, उद्यमचा दाखला, आणि खिशात ‘प्रोप्रायटर’ लिहिलेला शिक्का. शिक्क्याची शाई नेमकी सहीच्या वेळी वाळते. मग त्याच्यावर ‘हा’ करून तोंडाची वाफ द्यायची आणि कागदावर दाबून धरायचा. तरीही ‘प्रो’ उमटतो आणि ‘प्रायटर’ राहतो. फोल्डर जेवढं जाड तेवढी त्या माणसाची खाती जास्त, असा माझा अंदाज आहे.

माझी पाच आहेत. हा आकडा मी ठरवलेला नाही.

पहिलं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत. ते नीट पाहिलं तर करंट नाहीच, सीसी आहे, म्हणजे कॅश क्रेडिट. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं: माल किती, येणी किती, देणी किती. त्यातून मार्जिन कापून बँक आमची ‘ड्रॉइंग पॉवर’ काढते. शब्द ऐकून छाती फुगते, आकडा पाहून खाली बसते. दुसरं एका खासगी बँकेत, कारण चाकणच्या ज्या कंपनीला आम्ही ब्रॅकेट पुरवतो तिचं बिल डिस्काउंटिंग तिथूनच होतं. व्हेंडर कोड हवा तर खातं तिथंच हवं. पर्चेसवाल्यांशी वाद घालणारा व्हेंडर मी तरी अजून पाहिला नाही.

तिसरं सहकारी बँकेतलं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिंपरीतली टर्नरची नोकरी सोडून पहिला लेथ टाकला तेव्हाचं. तिथलं अ‍ॅप यथातथाच आणि एसीही यथातथाच. पण चेक परत जाण्याआधी तिथून फोन येतो, “अहो, अठरा हजार कमी पडतायत, तीनच्या आत टाका बरं का.” बाकीच्या बँका आधी चेक परत पाठवतात, मग दंड कापतात आणि शेवटी ‘प्रिय ग्राहक’ म्हणून मेसेज करतात. या एका फोनसाठी मी ते खातं मरेपर्यंत बंद करणार नाही.

चौथं पोरांच्या पगाराचं. पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा, आणि सहा तारखेला सीसीत काय उरलेलं असेल ते परमेश्वरालाही सांगता येत नाही. म्हणून पगाराचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवायचे. पाचवं खातं एका 31 मार्चला उघडलं. एका शाखेच्या मॅनेजरसाहेबांचं टार्गेट एका खात्यावाचून अडलं होतं आणि ते आमच्या मावसभावाच्या सोसायटीत राहत होते. याहून बळकट कारण बँकिंगच्या पुस्तकात शोधून सापडायचं नाही.

आता याचा हिशेब करू. करंट खात्यावर बँक व्याज देत नाही, तिला ते देताच येत नाही. उलट किमान शिल्लक ठेवावी लागते, आणि ती घसरली की दंड, दंडावर 18 टक्के जीएसटी. तिकडे सीसीवर मात्र व्याज रोज चढत असतं. म्हणजे आमच्या लेनमधला प्रत्येक शेडवाला एका बँकेकडून व्याजानं पैसे उचलतो आणि बाकीच्या तीन-चार बँकांना ते बिनव्याजी वापरायला देतो. बिर्लांनासुद्धा हा दिलदारपणा परवडला नसता. आमचे सीएसाहेब दर वर्षी ताळेबंद करताना चष्मा कपाळावर सरकवून एकच वाक्य म्हणतात, “सगळं बंद करा, येईल तो रुपया सीसीत पडू द्या.” दंडाबद्दल कुरकुर केली की म्हणतात, “जीएसटीचं क्रेडिट मिळतं ना!” दोन्ही बाबतींत ते बरोबर आहेत. फक्त त्यांच्या टॅलीत भीती नावाचं लेजर नाही.

आणि ही भीती म्हणजे आमच्या मनाचा खेळ नाही. 23 सप्टेंबर 2019 ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला काढता येत होते 1,000 रुपये. त्यात तर आमच्या ग्राइंडरचं एक चाकसुद्धा येत नाही. पुण्यात रुपी बँकेचे खातेदार फेब्रुवारी 2013 पासून असंच काहीतरी सोसत होते. 1912 सालची ती बँक. 2022 मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. मग शहाणी माणसं सांगू लागली, सहकारी म्हटलं की असंच, चकाचक खासगी बँकेत जा.

गेलेच होते काही जण. नुसते जण नाही, आमची महापालिकाही गेली होती.

5 मार्च 2020. वार गुरुवार, म्हणजे आमच्या सुट्टीचा. संध्याकाळी बातमी आली की येस बँकेवर निर्बंध आले आणि आता 50,000 रुपयांपर्यंतच काढता येतील. दुसऱ्या दिवशी कळलं की आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचे नऊशे कोटींहून जास्त रुपये त्याच बँकेत आहेत. आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून जिचा लौकिक सांगितला जातो, जिच्याकडे आयुक्त, लेखापरीक्षक, स्थायी समिती असा फौजफाटा आहे, तिचे नऊशे कोटी! त्या शुक्रवारी आमच्या लेनमधल्या चहाच्या टपरीवर जे समाधान पसरलं होतं ते वर्णन करण्यासारखं नाही. पैसा आमच्याच घरपट्टी-पाणीपट्टीचा होता म्हणून तर मुळीच नाही. पण माणसाचा स्वभाव बघा. ज्याचे त्या बँकेत थोडेसेच पैसे अडकले होते तो मिशीला पीळ देऊन म्हणाला, “माझं आणि कमिशनरसाहेबांचं दुखणं एकच आहे.” 18 मार्चला निर्बंध उठले, पैसे सुखरूप निघाले, आणि आठवड्याभरात लॉकडाउन लागला. नाहीतर ‘महापालिकेची खाती किती असावीत’ या विषयावर भोसरीत अजून परिसंवाद चालू असता.

सप्टेंबर 2022 मध्ये रुपीचा विषय संपतो न संपतो तोच 10 ऑक्टोबरला आमच्या पिंपरीतल्याच सेवा विकास बँकेचा परवाना गेला. आता ‘ते मुंबईचं’, ‘ते पेठांमधलं’ असं म्हणायचीही सोय उरली नाही.

मग प्रत्येक जण विम्याचा पंडित झाला. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ पैसे देतं. आधी एक लाखापर्यंत द्यायचं, 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत. ही मर्यादा एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून. आमच्या शेजारच्या शेडवाल्यांनी भोसरी शाखेत पाच आणि मोशी शाखेत पाच असे ठेवून मोठा पराक्रम केल्याच्या थाटात पेढे वाटले होते. पेढे खाऊन झाल्यावर मी त्यांना हा नियम सांगितला. पुढची मेख तर फारच कमी जणांना ठाऊक असते. फर्म प्रोप्रायटरशिप असेल तर फर्मचं करंट आणि मालकाचं त्याच बँकेतलं सेव्हिंग एकत्र धरतात. बोर्डावर नाव ‘अमुक इंजिनिअरिंग वर्क्स’ असलं तरी कायद्याच्या लेखी तो बनियनवर लेथपाशी उभा असलेला एकटाच माणूस. भागीदारी असेल तर मात्र फर्म वेगळी आणि तुम्ही वेगळे. पाच लाखांचं कवच दुप्पट व्हावं म्हणून मेहुण्याला पार्टनर करून घेणारा एक महाभाग आमच्या ओळखीत आहे. त्याच्या बँकेला काही झालं नाही. मेहुण्याचं विचारू नका.

या हिशेबानं चाळीस लाख सुरक्षित ठेवायचे तर आठ बँका लागतात. इथं आमच्या सौ.नी, ज्या हिशेब बघतात आणि माझं लेखन सहसा वाचत नाहीत, कॅल्क्युलेटरवरची नजर न काढता विचारलं, “पण चाळीस लाख आहेत कुठे?”

आहेत. चाकणला. एक हप्ता या कंपनीकडे, दोन त्या कंपनीकडे, थोडे डेबिट नोटमध्ये, थोडे ‘जीआरएन झालं नाही’, म्हणजे माल पोचल्याची नोंद झाली नाही, या सदरात. लघुउद्योजकाची सगळ्यात मोठी ठेव त्याच्या गिऱ्हाइकाकडे असते, बिनव्याजी, नव्वद दिवसांची, आणि तिला कुठल्याही महामंडळाचा विमा नाही. बँक बुडून आमचे पैसे जायचे तर ते आधी बँकेत यायला हवेत. आर्थिक वर्ष 2023-24 पासून या थकलेल्या बिलांवरही सरकारनं उतारा काढला. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिलं नाही, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च गिऱ्हाइकाला आयकरात धरता येत नाही. 2024 च्या मार्चमध्ये कंपन्यांकडून ‘तुम्ही नक्की सूक्ष्म आहात का?’ असे मेल आले. इतक्या आपुलकीनं आमचा आकार आजवर कुणी विचारला नव्हता.

मधल्या काळात खात्यांच्या संख्येच्या प्रश्नात रिझर्व्ह बँकेनंही लक्ष घातलं होतं. कर्ज एका बँकेचं आणि पैसा फिरवायचा दुसऱ्याच बँकेतून, हा मोठ्या मंडळींचा जुना खेळ मोडायला 6 ऑगस्ट 2020 ला परिपत्रक निघालं: ज्याच्याकडे सीसी किंवा ओव्हरड्राफ्ट आहे त्याचं करंट खातं उघडू नये. खेळ मोठ्यांचा, पत्रं सगळ्यांना. 2021 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ‘आपले खाते बंद करण्यात येत आहे’ अशी नोटीस मिळाली नाही असा शेडवाला विरळा. मग 29 ऑक्टोबर 2021 ला सुधारणा आली की ज्यांचं बँकांकडचं कर्ज पाच कोटींच्या आत आहे त्यांना ही अट नाही, फक्त पाच कोटींवर गेलात तर कळवतो असं लिहून द्यायचं. मी आनंदानं लिहून दिलं. मला पाच कोटी कर्ज कुणी देईल हा विश्वास त्या कागदाखेरीज आजवर कुणी दाखवलेला नाही.

तर खाती किती असावीत? माझं मत विचाराल तर बँका मोजू नका, आपला पैसा एका दिवसात कोण कोण अडवू शकतं ते मोजा. कर्ज देणारी बँक अडवू शकते. तिचा हप्ता थकला तर ती आपल्याच शिलकेतून वळता करून घेते. म्हणून जिचं एक पैसाही देणं नाही अशा बँकेत दुसरं खातं हवं आणि पोरांचा पगार तिथून व्हावा. पोलीसही अडवू शकतात. आमच्या लेनमधल्या पॅकिंगवाल्याला कुणा अनोळखी गिऱ्हाइकानं यूपीआयवर काही हजार पाठवले, ते पैसे कुठल्याशा सायबर फसवणुकीतून फिरत आलेले निघाले, आणि परराज्यातल्या पोलीस ठाण्याच्या पत्रानं याचं खातं गोठलं. त्याचं ते एकुलतं एक खातं. सीएसाहेबांचा सल्ला तंतोतंत पाळणारा आमच्यातला तो एकटाच होता. म्हणजे उत्तर दोन. आणि फोन करणारी सहकारी बँक असेल तर अडीच. माझ्याकडची बाकीची हौस आहे.

म्हणून हौसेला कात्री लावायचं ठरवून एका गुरुवारी पाचवं खातं बंद करायला गेलो. ज्या साहेबांसाठी ते उघडलं होतं त्यांची बदली झाली होती. काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म दिला. वर्ष पूर्ण झालं नव्हतं म्हणून बंद करण्याचा चार्ज, त्यावर जीएसटी. उरलेली चेकं कापून द्यायची. सही जुळली नाही. शिक्का पुन्हा मारला, या वेळी ‘प्रायटर’ उमटला.

“आणि शिल्लक दुसऱ्या खात्यात जाईल,” मॅडम म्हणाल्या. “त्या खात्याचा कॅन्सल चेक जोडा.”

“अन् मॅडम, एखाद्याचं दुसरं खातंच नसलं तर?”

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “मग त्याला आधी एक उघडावं लागेल ना, सर. आमच्याकडे झिरो बॅलन्सची नवीन स्कीम आलीय. फॉर्म देऊ?”