सासूबाई ओसाकात जेवतात

क्योतोचा माणूस कपड्यांपायी भिकेला लागतो आणि ओसाकाचा खाण्यापायी, असं जपानी लोकच म्हणतात. आम्हाला विमानाच्या तिकिटांनी आधीच त्या वाटेवर आणून सोडलं होतं, त्यामुळे ओसाकाची धास्ती अशी नव्हती. धास्ती होती ती सासूबाईंची. त्या इतक्या शाकाहारी, की अंड्याच्या केकची सुरी लागलेलं सफरचंद बाजूला सारतात. आणि त्यांच्या शेजारी माझे साडू, मालवणचे. शाकाहार ही जून-जुलैत, मासेमारी बंद असताना, नाइलाजाने करायची गोष्ट, असं त्यांचं ठाम मत.

दोतोनबोरी हा ओसाकाचा खाण्यापिण्याचा भाग. कालव्याच्या काठी दुकानं, दुकानांवर पाट्या आणि एका पाटीवर चक्क पाय हलवणारा अवाढव्य खेकडा. साडूंनी त्याच्यासमोर चपला काढायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. इवासाकी ताकिझो नावाच्या गृहस्थांनी १९३२ साली याच शहरात मेणाचे पदार्थ करायचा धंदा काढला. आता ते प्लॅस्टिकचे असतात, पण भाताचं शीत न् शीत मोजून घ्यावं. परदेशी माणसाची त्यामुळे मोठी सोय होते. जीभ चालत नाही तिथे बोट चालतं. सासूबाईंनी अख्ख्या रस्त्यावरच्या काचा बारकाईने पाहिल्या आणि निकाल दिला, "हे काचेतलंच द्या म्हणावं. निदान शाकाहारी तरी आहे."

शेवटी एका छोट्या दुकानात शिरलो. टेबलातच तवा बसवलेला. ओकोनोमियाकी हा धिरड्याच्या कुळातला पदार्थ, कोबी मात्र सढळ हाताने घातलेला. बायकोने फोनवर बघून जपानी वाक्यं घोकली होती. मालक कमरेत वाकून ऐकत होते.

"मांस नको."

"मांस नाही."

"अंडं नको. मासा नको."

"अंडं नाही. मासा नाही," असं म्हणून त्यांनी पुन्हा एकदा वाकून शब्द दिला.

अंड्याशिवाय ते धिरडं जरा ढासळलं, पण त्यांनी ते मोठ्या हिकमतीने उलथलं, वर तपकिरी सॉस फासला आणि शेवटी, लेकरावर फुलं उधळावीत तशा मायेने, मूठभर गुलाबीसर पातळ सालपटं भुरभुरवली. वाफ लागताच ती सालपटं उभी राहून डोलू लागली.

"अगं बाई, हे हलतंय!" सासूबाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

साडू पुढे वाकले. एकदाच हुंगलं. "कुप्याच्या जातीतला. धुरावलेला, वाळवून लाकूड केलेला, मग रंधा मारलेला. कारागीर चांगला आहे हो."

मालक खोटं बोलले नव्हते. जपानी हिशोबात मासा म्हणजे मासा. हे सालपट म्हणजे फक्त चव. आपल्याकडे बिनतिखटाची भाजी सांगितल्यावर फोडणीतली मिरची कुणी धरतं का? कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि हीच सालपटं उकळून दाशी नावाचं पाणी काढतात, आणि ते पाणी बहुतेक सगळ्या जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी असतं: मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, तेंपुरा बुडवायच्या वाटीत. १९०८ साली इकेदा किकुनाए या प्राध्यापकांनी कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि या चवीला उमामी नाव दिलं. तेव्हापासून तिला शास्त्राचाही आधार आहे. म्हणजे ताटातला मासा एकवेळ टाळता येईल, पाण्यातला कसा टाळणार?

अन्न टाकू नये म्हणून स्वतःचं आणि सासूबाईंचं, अशी दोन्ही धिरडी साडूंनी संपवली. सासूबाईंसाठी पांढरा भात आला. पर्समधली मेतकुटाची पुडी काढायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्यांनी काड्या भातात उभ्या खोचल्या. शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. एका म्हाताऱ्या आजोबांनी मान खाली घातली. काड्या खोचलेला भात इथे मृतासाठी ठेवतात, असं बायकोने आईच्या कानात सांगितलं. सासूबाई मुळीच गडबडल्या नाहीत. काड्या शांतपणे उपसल्या आणि विचारलं, "मग कावळा शिवावा लागतो का?"

कावळ्याचं काही वाचनात नाही, असं बायको म्हणाली.

"म्हणजे अर्धवटच आहे यांचं," म्हणून त्यांनी मेतकूट कालवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उदोनच्या दुकानात वेगळंच नाट्य घडलं. साडूंचा भुरका हा आमच्या सासरचा जुना प्रश्न. मेहुणीने लग्नापासून त्याविरुद्ध चळवळ चालवली आहे. त्या दुकानात मात्र कोट-टाय घातलेले कारकून ओळीने बसून, कसलीही लाज न बाळगता, सुर्रसुर्र नूडल्स ओढत होते. गरम नूडल्स वाऱ्यासकट ओढल्या की तोंड भाजत नाही आणि वासही नाकापर्यंत पोचतो. त्यात इथे कुणाला काही गैर वाटत नाही. साडूंनी चहूकडे पाहिलं. मायदेशी परतलेल्या माणसाची कळा चेहऱ्यावर आली.

"अहो, हळू!"

"हळू कशाला? त्यांना वाटेल आवडलं नाही."

मग त्यांनी सोलकढीवर घासून तयार केलेला तो भुरका मारला. आतल्या आचाऱ्याने मान वर करून पाहिलं आणि, मेहुणीच्या देखत, वाकून नमस्कार केला. चळवळ तिथे संपली.

सासूबाईंचं पोट भरलं ते कोयासानच्या डोंगरावर. ८१६ साली सम्राटाकडून हा डोंगर मिळवून कोबो दाइशींनी इथे मठ वसवला. देवळातच मुक्काम, देवळातच जेवण. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण सगळं वर्ज्य. दाशीसुद्धा कोंबू आणि शिताके अळंब्यांची. तिळाचं गोमा-दोफू, गोठवून वाळवलेलं कोया-दोफू. "बारा महिने चातुर्मास!" म्हणत सासूबाईंनी वाट्या निपटून खाल्ल्या. साडू वज्रासनात अवघडून एकेक झाकण उचलून खाली शोधत होते.

जेवताना बायको माहितीपत्रक वाचू लागली. कोबो दाइशी ८३५ साली गेले नाहीत, ते ओकुनोइन या समाधिस्थानात ध्यानस्थ बसले आहेत, अशी इथली श्रद्धा. भिक्षू रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्यांना जेवण नेऊन देतात.

"आळंदीला माउली, तसं," सासूबाईंनी हात जोडले.

साडूंनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे बाराशे वर्षं होत आली. आणि रोज हेच जेवण?"

"हेच."

"मग डोळे मिटून बसतील नाहीतर काय करतील!"