माननीय कॉम्प्रेसर महोदय यांस खुले पत्र

प्रति,
मा. कॉम्प्रेसर महोदय (दहा वर्षे वॉरंटीप्राप्त),
मुक्काम : फ्रिजच्या मागे, तळाशी, तालुका दौंड, जिल्हा पुणे.

विषय : महोदयांची प्रकृती ठणठणीत असताना फ्रिज गरम राहण्याबाबत.

कॉम्प्रेसर हा घरगुती फ्रिजमधील पंप होय. चोहोबाजूंनी वेल्डिंग केलेल्या काळ्या पोलादी डब्यात मोटार आणि पंप एकत्र नांदतात. सोबतीला तेल असते. आतल्या कूलिंग कॉईलमधून कमी दाबाने आलेला गॅस महोदय ओढून घेतात, दाबतात आणि कंडेन्सरच्या नळ्यांत ढकलतात. तिथे उष्णता बाहेरच्या हवेला देऊन गॅसचा द्रव होतो, केसासारख्या बारीक नळीतून तो पुन्हा आत शिरतो, आतली उष्णता शोषून उकळतो आणि परत महोदयांच्या दारी हजर होतो. फ्रिजमध्ये गारवा तयार होत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते, एवढेच. जनरल इलेक्ट्रिकने १९२७ मध्ये अमेरिकेत विकायला आणलेल्या फ्रिजमध्ये हा सीलबंद डबा चक्क डोक्यावर बसवलेला होता. भारतात गोदरेजने १९५८ मध्ये पहिला देशी फ्रिज आणला. पुढे महोदयांची जागा डोक्यावरून तळाशी, भिंतीकडच्या धुळीत आणि पालींच्या शेजारी आली. पद घसरले, मान मात्र वाढत गेला.

पूर्वीचे कॉम्प्रेसर एकतर पूर्ण वेगाने चालत, नाहीतर बंद असत. आताचे इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतात, त्यामुळे वीज वाचते आणि आवाजही कमी होतो. महोदयांचा वेग ठरवायला मात्र एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड लागतो. त्याला आता खेड्यापाड्यांतही पीसीबी म्हणतात, आणि त्याचे नाव निघाले की घरातील कर्ता माणूस खुर्चीत बसून घेतो.

फ्रिजच्या बाबतीत शिरूर तालुका भाग्यवान आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत. महागणपतीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या आणि माल भरलेले कंटेनर एकाच नगर रस्त्यावर कोंडीत उभे असतात. या पत्रातील फ्रिज कोणत्या कंपनीचा, हे येथे सांगितलेले नाही. वरील नावांवरून तर्क बांधण्याचेही कारण नाही. मुद्दा भूगोलाचा आहे. देशभर जाणारे फ्रिज जिथे तयार होतात, तिथून न्हावरा ओलांडून भीमेचा पूल पार केला की दौंड तालुका लागतो, आणि तिथल्या एका स्वयंपाकघरात फ्रिजचा एक सुटा भाग दोन महिने ‘मागवला आहे, येईल’ या अवस्थेत असतो.

आता महोदयांचे संरक्षण. फ्रिजच्या दारावर सोनेरी स्टिकर असतो आणि त्यावर वितीएवढ्या अक्षरांत ‘१० वर्षे’ लिहिलेले असते. त्याखाली मुंगीच्या आकाराची एक फुली असते. ती फुली वॉरंटी कार्डाच्या मागच्या पानावर नेते, आणि तिथे कळते की दहा वर्षे फक्त महोदयांची. बाकी सगळ्या फ्रिजला एक वर्ष. मंत्र्याला झेड दर्जाची सुरक्षा आणि त्याच्या गाडीच्या चालकाला स्वतःचे हेल्मेटही नाही, अशी ही रचना आहे. गॅस, कंडेन्सर, कूलिंग कॉईल, पंखा, डिफ्रॉस्ट हीटर, सेन्सर आणि पीसीबी ही सारी मंडळी पहिल्या वाढदिवसानंतर उघड्यावर येतात. अनेक कार्डांत तर एवढेही लिहिलेले असते की दहा वर्षांच्या आत महोदय स्वतः गेले, तरी फुकट मिळेल तो फक्त काळा डबा. तो बसवण्याची मजुरी, नवा गॅस, फिल्टर, वाहतूक आणि या सगळ्यावरचा जीएसटी ग्राहकाचा.

या उदारतेमागे हिशेब आहे. सीलबंद डब्यात धूळ जात नाही, ओल जात नाही, तेल बाहेर येत नाही. फ्रिजमधला हाच भाग सर्वांत चिवट असतो. मोडण्याची शक्यता सर्वांत कमी, म्हणून हमी सर्वांत लांब. पावसाळ्यात उन्हापासून संरक्षण देणारा हा करार दुकानात मोठ्या आवाजात वाचून दाखवला जातो. गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त फ्रिजकडे वळू लागले, की दुकानदार त्याचा हात धरून स्टिकरपाशी आणतो. गिऱ्हाईक ‘दहा वर्षे’ ऐकते आणि फ्रिज घेते. ‘कॉम्प्रेसर’ हा शब्द दुकानदाराने उच्चारलेला असतो, हे नाकारता येणार नाही.

प्रस्तुत फ्रिज घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या बाजारपेठेत घेतला गेला आणि टेम्पोने केडगावच्या बाजूच्या एका घरी आला. दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री, किंमत घरातल्या कोणत्याही दागिन्याच्या खालोखाल. २०१८ च्या जुलैत फ्रिजवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला तेव्हा अशी खरेदी आवाक्यात आल्याचे सांगितले गेले होते. तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, बर्फ धरेनासा झाला. मग दूध नासले, मग खालच्या कप्प्यातल्या भाज्यांना वास येऊ लागला. महोदय मात्र चालूच होते. रात्री दोन वाजता घरात कोणी जागे झाले तर त्यांची घरघर ऐकू येई आणि घरच्यांना धीर वाटे, की मशीन चालू आहे म्हणजे फार काही बिघडलेले नसावे.

तक्रार नोंदवण्याच्या पद्धतीबद्दल एकच वाक्य पुरे. बिल शिरूरचे आणि पिन कोड दौंड तालुक्याचा, म्हणून शिरूरच्या सेवा केंद्राने फ्रिज दौंडचा ठरवला आणि दौंडच्या केंद्राने शिरूरचा.

अखेर तंत्रज्ञ आला. त्याने फ्रिज भिंतीपासून ओढला, महोदयांच्या अंगावर हात ठेवला, तो चटका बसून मागे घेतला आणि मीटर लावून जॉब शीटवर लिहिले : ‘कॉम्प्रेसर ओके’. निदान होते बॉडी लीकेज. आताच्या बहुतेक फ्रिजमध्ये कंडेन्सरची जाळी पाठीमागे दिसत नाही. त्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड, इन्सुलेशनच्या फोममध्ये पुरलेल्या असतात. म्हणून फ्रिजच्या कडा हाताला गरम लागतात. दिसायला हे देखणे असते. त्या नळीला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर ते शोधायला फ्रिज कापावा लागेल. घरगुती फ्रिजमध्ये आता सर्रास वापरला जाणारा आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन, एका फ्रिजमध्ये शंभर ग्रॅमही नसतो. एवढासा गॅस निघून गेला, की पोलाद, तांबे, काच, पीसीबी आणि पंचतारांकित लेबल यांचे भांडी ठेवायचे कपाट होते. उपाय एकच : बाहेरून नवी जाळी बसवून आतली वाट बंद करायची, व्हॅक्यूम काढायचा आणि गॅस भरायचा. हा गॅस ज्वलनशील असल्यामुळे ते काम जाणकाराकडूनच व्हावे लागते. जाळी वॉरंटीत नाही. गॅस वॉरंटीत नाही. मजुरी वॉरंटीत नाही. वॉरंटीत आहेत ते महोदय, आणि ते ओके आहेत.

त्याच फ्रिजच्या दारात आजींचे इन्सुलिन होते. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. बाहेर पारा चाळिशीकडे निघाला होता. ते सगळे फेकावे लागले. कूलिंग नेमके कधी गेले हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि दाराच्या डिस्प्लेवर शेवटपर्यंत चार अंश झळकत होते. चार अंश! आत दूध फाटत होते आणि बाहेर हा निळा आकडा खोटे बोलत होता. हेल्पलाइनवर ही गोष्ट सांगितल्यावर पलीकडून गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त झाली आणि लगेच एक्स्टेंडेड वॉरंटीच्या सवलतीची माहिती देण्यात आली. ज्या माणसाने हे दोन परिच्छेद एकापाठोपाठ एक वाचायचे म्हणून लिहून ठेवले, त्याच्या घरात कोणीही इन्सुलिन घेत नसावे. ही गैरसोय नाही. गैरसोय म्हणजे बर्फाशिवाय सरबत.

या प्रकरणी कंपनीचा खुलासा विजेचा होता. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. भीमेच्या काठाला ऊस आहे, उसाला मोटारी आहेत आणि मोटारींना ऑटो लावलेले आहेत. गेलेली वीज आली की शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डीपीवरचा दाब कोसळतो. घरात २३० व्होल्ट यायला हवेत, तिथे दिव्याची तार नुसती लाल दिसते. गुऱ्हाळांच्या हंगामात तर विचारायलाच नको. पण विजेच्या चढउताराने मरतो तो पीसीबी. फोममध्ये पुरलेल्या नळीला त्याने छिद्र पडत नाही. शिवाय दारावर दुसराही एक स्टिकर होता : ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’. त्यालाही फुली होती.

आता महोदयांविषयी, कारण पत्र त्यांना आहे. गॅस गळू लागला तेव्हा थर्मोस्टॅटला हवे ते तापमान मिळेना, म्हणून महोदयांना थांबण्याचा हुकूमही मिळेना. जो डबा एरवी थोडा चाले, थोडा विसावा घेई किंवा मंद होई, तो आठवडेच्या आठवडे अखंड राबला. त्यातही त्यांची मोटार थंड राहते ती परत येणाऱ्या गॅसमुळेच. तो गॅसच उरला नव्हता. म्हणजे महोदय अन्नपाण्याशिवाय रात्रंदिवस काम करत होते, आणि घरचे त्या आवाजावर विसंबून झोपत होते. विजेचे बिल वाढले त्याचाही ठपका त्यांच्यावर आला. दहा वर्षांचे संरक्षण त्यांनी मागितले नव्हते. त्यांच्या प्रामाणिकपणाची जाहिरात करून इतरांचा कमकुवतपणा खपवला गेला, आणि दारावर त्यांचे नाव असल्यामुळे घरातल्या शिव्याही त्यांनाच बसल्या. त्याबद्दल या पत्राद्वारे दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.

तंत्रज्ञाचाही यात दोष नाही. तो कंपनीचा नोकर नव्हता, सेवा केंद्राचा होता. ऊन डोक्यावर घेऊन दुचाकीवरून आला, आणि त्याच्या बॅगेत दुरुस्तीच्या हत्यारांपेक्षा वार्षिक देखभाल कराराचे फॉर्म जास्त होते. निघताना त्याने हळूच सांगितले, की चौफुल्यावरचा मिस्त्री हे काम निम्म्यात करील, फक्त त्याने हात लावला की महोदयांची उरलेली सात वर्षे रद्द होतील.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, निदान कागदावर. पुणे हे तर ग्राहक चळवळीचे माहेर. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये इथेच ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. अडचण हमीच्या शब्दांची आहे. कंपनीने कॉम्प्रेसरची हमी दिली आणि कॉम्प्रेसर चालू आहे, म्हणजे करार पाळला गेला; नळीत मुळातच दोष होता हे सिद्ध करायचे तर फ्रिज कापून तज्ज्ञाचा अहवाल आणावा लागेल, आणि तोवर आजींचे इन्सुलिन शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये राहील. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून फ्रिजचे थर्मोस्टॅट, सेन्सर आणि पीसीबी सात वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक केले आहे. दाराचे रबर दहा वर्षे. भारतात २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ सुरू झाले. संकेतस्थळावरून जाळी घरपोच येत नाही.

सबब कंपनीने पुढील गोष्टी कराव्यात. स्टिकरवर ‘१०’ ज्या आकारात छापले जाते, त्याच आकारात गॅस आणि कंडेन्सरपुढे ‘१’ छापावा. डिस्प्लेने फ्रिजला सांगितलेले तापमान न दाखवता आतले खरे तापमान दाखवावे, किंवा गप्प बसावे. ज्या नळ्यांपर्यंत मिस्त्रीचा हात पोचत नाही, त्या नळ्यांना महोदयांइतकीच हमी द्यावी. स्वतःच पुरून ठेवायचे आणि वर्षभरात जबाबदारी झटकायची, हे दोन्ही चालणार नाही.

दुरुस्ती झाली नाही तर फ्रिजचे काय होते, एवढेच सांगायचे राहते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुन्या फ्रिजची विल्हेवाट नोंदणीकृत केंद्रामार्फत लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. प्रत्यक्षात एक्स्चेंजमध्ये त्याची किंमत स्टॅबिलायझरएवढीही येत नाही आणि भंगारवाला आधी विचारतो, ‘कॉम्प्रेसर चालू आहे ना?’ हो म्हटले की तो दर वाढवतो. सर्व संबंधितांत महोदयांच्या प्रकृतीची कदर पैशांत करणारा तो एकमेव गृहस्थ आहे.

प्रत माहितीसाठी : पीसीबी, डिफ्रॉस्ट हीटर व पंखा, सर्व वॉरंटीबाह्य, तसेच गॅस, ज्याचा सध्याचा पत्ता उपलब्ध नाही.