ट्यूनर जुळत नसेल तर आधी चादर काढा
(अक्कलकोटच्या एका स्लॅबवरून, नवशिक्या हॅमसाठी)

हे मार्गदर्शन हौशी रेडिओच्या परवानाधारकांसाठी आहे. केंद्र सरकारची परीक्षा देऊन तुम्हाला व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉलसाइन मिळालेलं असेल, स्लॅबवर तार ताणून झाली असेल आणि कुणाकडून तरी घेतलेला जुना अँटेना ट्यूनर टेबलावर काटा वर करून बसला असेल, तर पुढे वाचा. परवाना नसेल तर इथेच थांबा आणि आधी परीक्षेचा फॉर्म भरा.

घरातून पहिला प्रश्न येईल, "मोबाईल असताना हे कशाला?" उत्तर पाठ ठेवा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी आपल्यापासून काही फार लांब नाही. त्या वेळी निरोप पोचवायला हौशी रेडिओवाले धावून गेले होते. हे उत्तर घरात एकदाच चालतं, म्हणून ते ट्यूनरच्या खरेदीसाठी राखून ठेवा.

पायरी पहिली: काहीही फिरवू नका. ट्यूनरला बहुधा तीन नॉब असतात, दोन कपॅसिटरचे आणि एक कॉइलचा. नवशिका तिन्ही एकदम फिरवतो, एसडब्ल्यूआरचा काटा गुरुवारच्या गर्दीत हरवलेल्या पोरासारखा सैरावैरा पळतो आणि मग ट्यूनरवर खापर फुटतं. त्याऐवजी अँटेना काढा आणि तिच्या जागी पन्नास ओहमचा डमी लोड लावा. त्याच्याशीही ट्यूनर जुळला नाही, तर दोष ट्यूनरमध्ये किंवा रेडिओपर्यंतच्या हातभर केबलमध्ये आहे. जुळला, तर आरोपी घराबाहेर आहे. एवढ्या एका तपासात अर्धा रविवार वाचतो.

पायरी दुसरी: अँटेना परत लावा. दोन्ही कपॅसिटर मध्यावर ठेवा. पॉवर न सोडता कॉइल फिरवा आणि रेडिओतली खरखर सगळ्यात मोठी कुठे होते ते कानांनी पकडा. मग फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐकून, आपलं कॉलसाइन सांगून, पाच-दहा वॉट सोडा आणि एकेक नॉब केसभर हलवा. दोन-तीन ठिकाणी काटा खाली येईल. त्यातलं कमीत कमी कॉइल वापरणारं ठिकाण घ्या, नाहीतर अँटेनाच्या वाट्याची पॉवर कॉइल तापवण्यात जाते. आतून फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड ऐकू आली तर पॉवर ताबडतोब बंद करा. कपॅसिटरच्या पात्यांमध्ये ठिणग्या पडताहेत.

पायरी तिसरी दुसरीतच आली.

पायरी चौथी मात्र सावकाश वाचा, कारण सगळे इथेच फसतात. काटा एकास एकवर आला, तुम्ही चहा मागवला, तासभर सीक्यू, सीक्यू केलंत आणि कुणीच उत्तर दिलं नाही. असं का? ट्यूनर अँटेना दुरुस्त करत नाही, तो फक्त रेडिओची समजूत घालतो. लग्न जुळवणारा मध्यस्थ मुलीकडच्यांना "मुलगा उत्तम" म्हणतो, त्याने मुलाची नोकरी बदलत नाही. सात मेगाहर्ट्झचा डायपोल टोकापासून टोकापर्यंत सुमारे वीस मीटर असतो. त्यावरच चौदा मेगाहर्ट्झ चालवायला गेलात, तर त्याची प्रत्येक बाजू अर्ध्या तरंगाची होते आणि मधोमध रोध काही हजार ओहमवर जातो. केबल बिचारी पन्नासची. लहर तारेवरून परत येते, ट्यूनर तिला पुन्हा वर ढकलतो, ती पुन्हा परत येते आणि प्रत्येक फेरीला केबल आपला टोल कापून घेते. काट्याला यातलं काही दिसत नाही, कारण तो ट्यूनरच्या अलीकडे बसलाय. इलाज काय? त्या बँडची वेगळी तार लावा, नाहीतर ट्यूनरच स्लॅबवर अँटेनापाशी न्या. रिक्षांच्या मागे रंगवलेला स्वामींचा धीर माणसांसाठी आहे, बारीक केबलवर तो लागू होत नाही.

आणि एसडब्ल्यूआर एका पावसानंतर आपोआप सुधारला, तर पेढे वाटू नका. कनेक्टरमधून केबलमध्ये पाणी शिरलं की ती जाणारी पॉवरही खाते आणि परतणारीही. परत काहीच येत नाही म्हणून काटा खूश. खात्री करायची तर वर जाऊन केबल अँटेनापासून सोडवा. खाली एसडब्ल्यूआर भयंकर दिसला पाहिजे. तरीही तो दोनच दाखवत असेल, तर केबल बदला.

एका टोकाने जोडलेली लांब तार वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी: बोलताना माईक ओठाला चावतो. मे महिन्यात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा अर्थिंगच्या सळईवर बादलीभर पाणी ओतायचा सल्ला कुणीतरी देईलच. ओता, सळईला बरं वाटेल. पण ट्यूनरच्या अर्थला दहा मीटर तार जोडून ती जमिनीलगत पसरली, तर माईक चावायचा बराच कमी होईल.

आता मथळ्यातली चादर. माझा ट्यूनर सोमवारी झकास जुळायचा आणि मंगळवारी हट्टाला पेटायचा. महिनाभर मी वहीत हवामान लिहून काढलं. मग एका सोमवारी वर गेलो तर शेजारच्या मावशींची ओली सोलापुरी चादर डायपोलच्या टोकाला वाळत होती. तार मुळात आखूड कापलेली. ओल्या चादरीमुळे ती रेडिओला लांब भासायची आणि नेमकी बँडमध्ये यायची. (डायपोलच्या टोकांना व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, पॉवर चालू असताना हात लावला तर भाजतं. म्हणून चादर आधी काढायची आणि मग बोलायचं.) सात मेगाहर्ट्झवर दोन्ही टोकांना चौदा-पंधरा सेंटिमीटर तार वाढवली की फ्रिक्वेन्सी साधारण शंभर किलोहर्ट्झ खाली सरकते. मी तेवढी वाढवली. एसडब्ल्यूआर ट्यूनरशिवायच सव्वावर आला.

संध्याकाळी मावशी बादली घेऊन वर आल्या. तारेकडे बघून म्हणाल्या, "दोरी वाढवलाव काय ओ? बरं केलाव, चादरीशेजारी टॉवेल बसत नव्हता."