सीमध्ये काही ठेवू नका!

मला विचारून झालेल्या गोष्टी आयुष्यात फार कमी. नाव आत्याने ठेवलं. शाळा घराजवळ होती म्हणून तीच ठरली. कॉमर्सला मार्कांनी घातलं, आणि लग्नाची तारीख मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने ‘एवढीच उरली आहे, बघा’ म्हणून कळवली. फ्लॅटच्या भिंतींचा रंग बिल्डरने ठरवला आणि त्या रंगाला शोभणारे पडदे घरच्यांनी. अशा माणसासमोर कॉम्प्युटरवर एक करडी चौकट उघडते आणि अदबीने विचारते, ‘हे सॉफ्टवेअर कुठे बसवू?’ ऊर भरून येतो हो!

चौकटीतली पांढरी पट्टी नीट पाहिली की तो आनंद ओसरतोही लगेच, कारण उत्तर तिथे आधीच लिहिलेलं असतं. आधी सी, मग प्रोग्रॅम फाइल्स, मग त्या सॉफ्टवेअरचं नाव, आणि मधे मधे उलट्या तिरप्या रेघा. बाजूला ‘ब्राउज’ हे बारीकसं बटण, खाली ऐटीत बसलेलं ‘नेक्स्ट’. प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं, आपण फक्त मान डोलवायची. मान डोलवण्यात माझी हयात गेलेली असल्यामुळे मी नेक्स्ट दाबायला एका पायावर तयार असतो. पण आमच्या इमारतीत ते दाबू देत नाहीत. मागून कुणीतरी ओरडतंच, ‘अहो, सीमध्ये नको! डीमध्ये टाका!’

या ओरडण्याला परंपरा आहे. आमच्या पिढीच्या घरांत पहिला कॉम्प्युटर बहुधा बंद खोक्यातून आला नाही, सुट्या भागांतून आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणायचे आणि ओळखीतल्या एखाद्या पोराने घरी येऊन स्क्रू ड्रायव्हरने ते जोडायचे. तो विंडोज टाकायचा, हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे वाटे पाडायचा, चहा प्यायचा आणि पायांत चपला सरकवताना मंत्र द्यायचा, ‘काका, सीमध्ये काही ठेवू नका.’

त्या मंत्रामागे अनुभव होता. पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला की फॉरमॅट. प्रिंटर हलेना, फॉरमॅट. स्पीकर बोलेना, फॉरमॅट. पोराला दुरुस्तीचा हा एकच प्रकार येत असे आणि तो लागूही पडत असे. फॉरमॅट म्हणजे सी पुसून विंडोज नव्याने टाकायचं. त्यात सीमधलं सगळं जायचं आणि डीमधलं राहायचं. त्यामुळे सी हे नाशिवंत आणि डी हे शाश्वत, असा सिद्धान्त महाराष्ट्रातल्या घराघरांत रुजला. आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे जोखीम म्हटली की कान टवकारणारे. त्यांनी सिद्धान्त शेवटापर्यंत नेला.

‘अरे, सी एवढी बेभरवशाची, तर मग हे विंडोज तरी तिथे कशाला? तेही डीत टाक.’

‘काका, ते जिथे टाकू तिलाच सी म्हणतात.’

काका गप्प झाले. हे उत्तर वेदान्तात खपलं असतं, कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांना त्यात टाळाटाळ दिसली. पण पोराचं म्हणणं खरं होतं. अलीकडची विंडोज डिस्कच्या कुठल्याही वाट्यावर बसवा, चालू झाल्यावर ती आपल्या जागेला बहुधा सीच म्हणते.

मुळात तिसरं अक्षर घरात थोरलं कसं झालं, हेही बघण्यासारखं आहे. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी घालायच्या एक-दोन फटी असत, त्यांना ए आणि बी ही अक्षरं मिळाली. १९८३ साली पीसी एक्सटी हे मॉडेल हार्ड डिस्क घेऊन आलं आणि तिच्या वाट्याला सी आलं. ती डिस्क १० मेगाबाइटची. रोज सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलांच्या शुभेच्छा-व्हिडिओंपुढे तिने दोन-तीनमध्येच हात टेकले असते. पुढे फ्लॉप्या गेल्या, ए आणि बी या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या, पण सीला बढती काही मिळाली नाही. चाळीस वर्षांवर सेवा होऊन गेली, सगळा कारभार तिच्याकडे, आणि हुद्दा अजून तिसराच.

तर काकांनी मंत्र पाळला. पत्ते, बुद्धिबळ, मराठी टायपिंग, शेअरबाजाराचा हिशोब, सगळी सॉफ्टवेअरं निगुतीने डीमध्ये बसवली. पुढे यथाकाल फॉरमॅट झालं. फोटो सुखरूप, नाट्यगीतं सुखरूप, सॉफ्टवेअरांचे फोल्डरही जागच्या जागी. पण बहुतेक सॉफ्टवेअरं उघडेनात. ‘दिसतंय तर खरं, मग आहे कुठे?’ काका विचारत होते.

मंत्राची दुसरी ओळ पोराने दिलीच नव्हती. सॉफ्टवेअर बसवणं म्हणजे फाइली एका जागी ठेवणं एवढंच नसतं. कुठली फाइल कशाने उघडायची, कुठले सुटे भाग कुठून घ्यायचे, काढून टाकायची वेळ आली तर काय काय काढायचं, या सगळ्याच्या नोंदी रजिस्ट्री नावाच्या वहीत होतात, आणि ती वही विंडोजजवळ सीमध्येच असते. सी पुसली की वही कोरी. मग डीमधलं सॉफ्टवेअर जागेवर असूनही विंडोजच्या लेखी ते या गावचंच नाही. म्हणजे फोटो डीत ठेवण्यात शहाणपण होतं, सॉफ्टवेअर डीत बसवून फॉरमॅटमधून वाचवण्यात मात्र काहीच नव्हतं. शिवाय डी हा बहुतेक वेळा त्याच हार्ड डिस्कचा दुसरा वाटा. डिस्कच बसली तर नाशिवंत आणि शाश्वत दोघं एकदमच जातात.

याच काकांनी एकदा मुलीकडे जाताना डेस्कटॉपवरचं बुद्धिबळाचं चित्र ओढून पेन ड्राइव्हवर घेतलं. जावयाच्या हातात ते देताना सोन्याची अंगठी द्यावी तसा चेहरा केला. जावई आयटीतला. त्याने चित्राच्या कोपऱ्यातला वाकडा बाण पाहिला, एखाद-दुसऱ्या केबीचा आकार पाहिला आणि नम्रपणे म्हणाला, ‘बाबा, यात नुसता पत्ता आहे. बुद्धिबळ तुमच्या घरीच राहिलं.’

पण पत्त्यांच्या बाबतीत खुद्द विंडोजकडे पाहिलं की काकांबद्दलचा आदर वाढतो. डॉसच्या काळापासून फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन, एवढीच मुभा असे. विंडोज ९५ ने लांबलचक नावं आणली, नावात मोकळी जागाही चालेल म्हणून सांगितलं, आणि सॉफ्टवेअरांच्या मुख्य फोल्डरलाच नाव दिलं ‘प्रोग्रॅम फाइल्स’, मधे मोकळी जागा सोडून. जुन्या वळणाची कित्येक सॉफ्टवेअरं त्या जागेत ठेचकाळली. त्यांना वाटे, पत्ता ‘प्रोग्रॅम’पाशीच संपला.

पुढे ३२ बिटांचा जमाना जाऊन ६४ बिटांचा आला आणि प्रोग्रॅम फाइल्स दोन झाले. ६४ बिटवाल्या नव्यांनी मूळ नाव घेतलं. जुन्या ३२ बिटवाल्यांचा फोल्डर वेगळा झाला आणि त्याच्या नावापुढे कंसात ‘एक्स८६’ लागलं, इंटेलच्या ८०८६ या जुन्या चिपच्या घराण्याची खूण म्हणून. इथवर ठीक. पण विंडोजच्या पोटात ‘सिस्टिम३२’ नावाचा फोल्डर आहे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये त्यात ६४ बिटांच्या फाइली असतात. मग ३२ बिटांच्या कुठे? तर ‘सिसवाव६४’ नावाच्या फोल्डरमध्ये! मी हे भाच्याकडून दोनदा समजून घेतलं आणि दोन्ही वेळा पाणी प्यायलो. कारण मात्र सरळ आहे. हजारो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ‘सिस्टिम३२’ हा पत्ता आपल्या प्रोग्रॅममध्ये ठोकून बसवला होता. नाव बदललं असतं तर सगळे वाट चुकले असते. पुण्यातल्या लकडी पुलाला आता लाकूड नाही, पाटीवर नावही वेगळं आहे, पण रिक्षावाल्याला ‘लकडी पूल’ म्हटल्याशिवाय पोचता येत नाही. तसंच हे.

बरं, समजा सगळ्यांचं ऐकून आपण ब्राउज दाबलं आणि सीच्या जागी डी लिहिलं. छाती थोडी फुगते. मग सॉफ्टवेअर काय करतं? मुख्य बाडबिस्तरा डीमध्ये टाकतं आणि बाकीचा संसार गुपचूप सीमध्ये मांडतं. नोंदी रजिस्ट्रीत. सगळ्यांना सामाईक अशा गोष्टी ‘प्रोग्रॅमडेटा’त, जो फोल्डर मुळातच लपवलेला असतो. आपल्या आवडीनिवडी ‘ॲपडेटा’त, तोही लपवलेला. त्याच्या आत आणखी तीन खोल्या, लोकल, लोकललो आणि रोमिंग. रोमिंगची योजना कचेऱ्यांसाठी. तुम्ही दुसऱ्या टेबलावरच्या मशीनवर जाऊन बसलात तर तुमच्या सेटिंगांनी तुमच्यामागे यावं म्हणून ती. घरच्या कॉम्प्युटरवर ती बिचारी जन्मभर जागेवरून हलत नाही. थोडक्यात, डी निवडून सीमधली जागा वाचते ती अर्धीमुर्धीच. सी भरत आल्याची लाल पट्टी पाहून आपण कळवळतो आणि आणखी एक सॉफ्टवेअर आणतो, सीमधला कचरा साफ करणारं. ते विचारतं, कुठे बसवू? पट्टीत लिहिलेलं असतं, सी.

जागा निवडण्याच्या या हक्काची किंमत एकदा बंजी या अमेरिकी कंपनीने मोजली. १९९८ च्या अखेरीस त्यांचा ‘मिथ टू : सोलब्लायटर’ हा गेम बाजारात निघाला होता. नेमक्या त्याच सुमारास कळलं की गेम काढून टाकणारा प्रोग्रॅम जरा जास्तच प्रामाणिक आहे. गेम ज्या फोल्डरमध्ये बसवला असेल तो फोल्डरच तो समूळ पुसायचा. नेक्स्ट-नेक्स्ट करणाऱ्यांना धोका नव्हता, त्यांचा गेम स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये होता. पण एखाद्या स्वाभिमानी माणसाने ब्राउज दाबून थेट ड्राइव्हच्या उंबऱ्यावरच गेम बसवला असेल, तर गेमबरोबर ड्राइव्हवरचं सगळंच साफ. कंपनीने पदरमोड करून प्रती परत मागवल्या. तेव्हापासून शहाणी माणसं सांगतात, अक्षर बदलायचं तर बदला, पुढचा फोल्डरचा पत्ता तसाच राहू द्या.

आता तर प्रश्न विचारणंही हळूहळू बंद होत चाललं आहे. काही ब्राउझर आणि गप्पांची ॲपं न विचारता ॲपडेटात जाऊन बसतात, कारण तिथे बसायला ॲडमिनची परवानगी लागत नाही. विंडोजच्या स्टोअरमधून घेतलेली ॲपं ‘विंडोजॲप्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात. तो उघडायला जावं तर आपल्यालाच आपल्या घरात मज्जाव होतो. मालक कोण म्हणून पाहावं, तर ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’. कॉम्प्युटर मी घेतला, हप्ते मी भरले, आणि सातबारा याच्या नावावर! या स्टोअरवाल्यांसाठी सेटिंगांमध्ये स्टोरेजच्या पोटात ‘नवीन ॲप कुठे ठेवायची’ असा पर्याय आहे, पण तो गाठेपर्यंत ते ॲप कशाला हवं होतं तेच आठवत नाही.

शिवाय काळ असा फिरला की मंत्रच उलटा झाला. आता बऱ्याच कॉम्प्युटरांत सी म्हणजे छोटी पण चपळ एसएसडी आणि डी म्हणजे फिरत्या तबकड्यांची मोठी, निवांत हार्ड डिस्क. सॉफ्टवेअर डीमध्ये बसवलं तर ते उघडेपर्यंत कुकरची शिट्टी होते. भाच्याचा सल्ला असा की सॉफ्टवेअर सुखाने सीमध्ये बसू द्या. शंभर-शंभर जीबीचे गेम असतील तर तेवढे डीत हलवा, ते हलवायची सोय त्या गेमांच्या दुकानांनीच दिलेली असते. आणि तुमचं जे स्वतःचं आहे, फोटो, पत्रं, हिशोब, ते डीत ठेवून त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

मला हा सल्ला पटला. सी त्यांची, डी माझी. तिथे रजिस्ट्री नाही, ट्रस्टेडइन्स्टॉलर नाही. कुठला फोल्डर कुठे करायचा आणि त्याला काय म्हणायचं, ते सर्वस्वी मी ठरवायचं. नाही म्हणायला ‘कॉन’सारखी काही नावं चालत नाहीत. ‘कॉन’ डॉसच्या काळापासून कीबोर्ड-पडद्यासाठी राखीव आहे. एके काळी ‘कॉन’ चालत नसल्याचा शोध एका भारतीयाने लावल्याची आणि त्याचं कारण खुद्द मायक्रोसॉफ्टलाही सांगता येत नसल्याची ईमेल देशभर फिरत होती, आणि काकांनी ती मलाही पाठवली होती. अशी काही राखीव नावं सोडली, तर बाकी सगळा शब्दकोश मोकळा.

या पूर्ण स्वातंत्र्याचं मी काय केलं, ते काल डी उघडून पाहिलं. विंडोज तिथेही फोल्डरचं एक नाव आधीच लिहून ठेवते, आवडलं नाही तर बदला म्हणून. माझ्या डीमध्ये आहेत ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर दोन’, ‘न्यू फोल्डर तीन’, आणि खाली बरेच. मुंजीचे फोटो त्यांतल्या एकात नक्की आहेत.