जावयाची मोजणी

भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसाने उन्हाळ्यात सासुरवाडीला जाऊ नये. विहिरीने तळ गाठलेला असतो आणि सासऱ्यांना दारात जावई दिसत नाही, पाणाड्या दिसतो.

“मामा, तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून खाली पाणी नसतं,” असं ऐटीत सांगून मी रोधकता मोजायचं यंत्र शिवारात उतरवलं. तत्त्व साधं. सरळ रेषेत चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोघींमधलं व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या सळया लांब नेत गेलं की वीज अधिक खोल उतरते. अखंड काळा कातळ शेकड्यांनी ओहम-मीटर दाखवतो. पाणी धरलेला झिजका खडक बहुधा दोन आकड्यांतच आटोपतो. जमिनीत वीज सोडून खडक ओळखायचे प्रयोग कॉनराड श्लंबर्जेने १९१२ मध्ये नॉर्मंडीत केले आणि १९२६ मध्ये धाकट्या भावाबरोबर कंपनी काढली. सख्खे भाऊ जमिनीच्या कामात एकत्र, हे मामांना काही पटलं नाही.

खोल बघायचं तर रेषा दोनशे मीटर तरी हवी. वाटण्या होऊन मामांच्या शेताची उभी पट्टी उरलेली. उभ्याने रेषा मावत होती, पण बांधावर चुलतभावाचं, तात्यांचं, तारेचं कुंपण होतं. लोखंडी अँगल, लोखंडी तारा. कुंपणाला समांतर सळया लावल्या तर वीज खडकाकडे न जाता तारेने पळते आणि रोधकता उगाच कमी दिसते. म्हणून रेषा कुंपणाला काटकोनात घ्यायची, असं शास्त्र सांगतं. मी शास्त्र पाळलं. म्हणजे सर्वात लांबची सळई तात्यांच्या नांगरटीत ठोकली.

हातात टेप, घणाचे ठोके, ओळीने लोखंडी सळया. तात्या धावतच आले. “पाव्हणं, मोजणी आणली का? नोटीस कुठंय?”

“मोजणी नाही तात्या, पाणी बघतोय,” म्हणत मी सळईच्या बुडाशी तांब्याभर मिठाचं पाणी ओतलं. कोरड्या मातीत वीज शिरायला ते लागतंच. तात्यांचा चेहरा उतरला. आता त्यांना मोजणीपेक्षा करणीची भीती वाटू लागली. “माझ्या रानात मीठ? उपटा आधी!”

मी समजावणीच्या सुरात म्हणालो, “रागावू नका. सळई उपटतो. पण मग कुंपणाशेजारून रेषा घ्यावी लागेल, आणि ह्या कुंपणाने सगळं मोजमाप चुकतं.”

तेवढं मामांच्या कानी पडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या शिक्षणाला मान दिला. “ऐकलंस? यंत्रसुद्धा सांगतंय, कुंपण चुकलंय! दोन फूट आत आलंय, मी कधीपासून बोंबलतोय!”

पुढे सळईकडे कोणी पाहिलंच नाही. खडकाची रोधकता राहिली बाजूला. भाऊबंदकीची मात्र यंत्राच्या पल्ल्याबाहेर गेली. निघताना मामांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

“पाण्याचं बघू पावसाळ्यात. जावईबापू, तेवढं कुंपणाचं लिहून द्या. आणि खाली डिग्री टाका, तारखेला लागेल.”