गाठीचा करंडा: अगदी नवशिक्यांसाठी आठ पायऱ्या

रावेर तालुक्यात लाकूडकाम शिकू पाहणाऱ्याची पहिली अडचण अशी की नजर जाईल तिथवर केळी आहेत, आणि केळीला लाकूड नसतं. आपण ज्याला खोड म्हणतो ते पानांच्या देठांचे एकावर एक बसलेले पदर. लेथवर चढवलं तर कपडे, भिंत आणि बघायला आलेले शेजारी एकदमच भिजतील. तेव्हा ज्या पिकावर अख्खा तालुका उभा आहे त्याचा इथे काडीचाही उपयोग नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

आपल्याला हवी आहे झाडाची गाठ. बांधावरच्या कडुनिंबाला, बाभळीला खोडावर टेंगूळ येतं ना, तीच. तिच्यातून लेथवर झाकणाचा करंडा काढायचा, दिवाणखान्यात ठेवण्याजोगा. लागणारा वेळ: पुस्तकाप्रमाणे एक रविवार, रावेरच्या हवेप्रमाणे पुढच्या वर्षीचा पोळा.

साहित्य

लेथ. विकत घ्या किंवा एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार बसवून करून घ्या. थ्री फेजच्या मोहात पडू नका. शेतीची थ्री फेज कधी दिवसा असते, कधी रात्री. ती आली की घरातले सगळे केळीला पाणी द्यायला धावतात. त्या घटकेला तुम्ही करंडा फिरवताना दिसलात तर पुढचं वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. मोटारीच्या पट्टीवर बहुधा मिनिटाला १४४० फेरे लिहिलेले असतात. मोटारीला २ इंची आणि लेथला ६ इंची पुली लावली की ते ४८० होतात. सुरुवातीला एवढे पुष्कळ झाले.

हत्यारं. नळीसारखी खोलगट गोल पटाशी, एक खरवडायची आणि एक अरुंद, कापून वेगळं करायची. सुताराची पटाशी मागून आणू नका. ती ठोकून वापरायला केलेली, तिचा दांडा आखूड. फिरत्या लाकडात अडकली की हातातून उसळते. शिवाय ती परत करताना सुताराच्या तोंडाकडे बघवत नाही.

धार लावायचं चाक. नवशिक्याला वाटतं हे अधूनमधून लागेल. प्रत्यक्षात चाकापाशी जेवढं उभं राहाल तेवढं लेथपाशी राहणार नाही.

चेहरा झाकणारी पूर्ण काच. मनगटाचा गंडादोरा, अंगठी, गळ्यातली साखळी, खांद्यावरचा रुमाल काढून खुंटीला टांगा. हातमोजेही नकोत, ते हातासकट आत ओढले जातात. या लेखातला एवढा परिच्छेद गंमत म्हणून वाचू नका.

पायरी १: गाठ ओळखा

झाडाला जखम झाली, कीड किंवा बुरशी लागली की कधीकधी सालीखालच्या निद्रिस्त कळ्या एकाच जागी गर्दी करून जाग्या होतात. त्यांची फांदी होत नाही. नुसत्याच एकमेकींना ढकलत वर्षानुवर्षं वाढत राहतात. म्हणून आतल्या लाकडाच्या रेषा सरळ न जाता घोळत जातात आणि जिथे जिथे कळी होती तिथे एकेक डोळा दिसतो. आपण नक्षी काढणार असं नवशिक्याला वाटत असतं. नक्षी झाडाने तुमच्या जन्माआधीच काढून ठेवलेली असते. तुम्हाला फक्त तिची नासाडी करायची नाही.

पायरी २: गाठ मिळवा

पालच्या बाजूला सातपुड्यात फिरताना सागावर, अंजनावर अशी काही गाठ दिसेल की तोंडाला पाणी सुटेल. तिचा फोटो काढा आणि घरी या. तिकडे यावल अभयारण्य आहे, वनखातं आहे आणि १९२७चा भारतीय वन कायदाही आहे. आपल्याच शेतातलं झाड असलं तरी साग, अंजन, आंबा, चिंच, जांभूळ ही मंडळी १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत बसली आहेत. परवानगीशिवाय हात लावता येत नाही. उभ्या झाडाची नुसती गाठ तासून घ्यायचा विचारही सोडा. जखम मोठी होते आणि झाड कुजत जातं.

मग उरतं आपोआप पडलेलं झाड. मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा बांधावरचा एखादा कडुनिंबही पडतो. इथे तारतम्य हवं. तलाठी पंचनामा करतोय, शेतकरी डोक्याला हात लावून बसलाय, अशा वेळी बांधावर जाऊन "भाऊ, त्या निंबाच्या गाठीचं काय करणार?" असं विचारू नये. पंधरा दिवस थांबा. गाठ कुठे पळून जात नाही.

सर्वांत खात्रीची जागा म्हणजे लाकडाची वखार. गाठीच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे ती कुऱ्हाडीने फुटत नाही. त्यामुळे जळणाचा ढीग संपला तरी ती कोपऱ्यात पडून असते. तिच्याकडे बघू नका. दुसऱ्याच ओंडक्याचा भाव विचारा, नको म्हणा, आणि निघता निघता पाय लावून "हे जळणाला चालेल का हो?" म्हणा. डोळ्यांत चमक दिसली की मालक किलोचा काटा बाजूला ठेवून अंदाजाने किंमत सांगायला लागतो.

पायरी ३: आत काय काय आहे ते बघा

रस्त्याकडेच्या निंबाच्या पोटात खिळे असतात. इंग्रजी संभाषणाच्या क्लासची पाटी, ट्यूबवेल खोदून मिळेल, मागच्या निवडणुकीतला उमेदवार, सगळे एकेका खिळ्याने झाडाला चिकटलेले होते. पाट्या गेल्या, उमेदवार पडला, खिळे राहिले आणि लाकूड त्यांच्यावरून वाढलं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक गाठीवरून सावकाश फिरवा. जिथे खेचेल तिथे खुणा करा. लाकडात निळसर-काळा डाग दिसला तरी समजा की जवळपास लोखंड आहे.

पायरी ४: कच्चं कातून घ्या

गाठीचा ६ इंची गोल ठोकळा करून लेथवर घट्ट बसवा. हाताने एकदा पूर्ण फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहा, आणि मोटार सुरू करताना समोरून बाजूला व्हा. लेथ जागचा चालू लागला तर घाबरू नका, ठोकळा एका अंगाला जड आहे एवढंच. वेग कमी ठेवा. हिशेब असा: व्यासाचे इंच गुणिले मिनिटाचे फेरे हा आकडा नीट गोल झालेल्या लाकडासाठी ६ ते ९ हजारांच्या दरम्यान हवा. वेड्यावाकड्या गाठीला त्याच्या निम्माही जास्त.

पटाशी आधी लेथच्या टेक्यावर टेकवा, मग लाकडाला लावा. हा क्रम उलटा केलेला नवशिक्या दुसऱ्यांदा करत नाही. धारेमागचा उतार लाकडावर घासू द्या, मग मूठ हळूहळू वर उचला. धार आपोआप लागेल आणि ओल्या लाकडाच्या लांब सळसळत्या ढलप्या खांद्यावरून मागे उडतील. लाकूड निंबाचं असेल तर संध्याकाळपर्यंत घशाला कडवटपणा येईल. तोंडाला मास्क बांधा. भरीत कडू झालंय असं घरात म्हणू नका.

याच सुमारास दारात माणसं जमतात. "काय करून राह्यला भो?" असा प्रश्न येईल. करंडा म्हटलंत तर "कितीला जाईल?" हा पुढचा. पूर्वी कातारी काम करी तेव्हा एक जण दोरी ओढून लाकूड फिरवायचा आणि दुसरा पटाशी धरायचा. दोरी ओढणाऱ्याला बोलायला दम उरत नसे. मोटार आल्याने नुकसान झालं ते हे.

पोट कोरताना आधी मधोमध ड्रिलने भोक पाडा आणि ड्रिलला चिकटपट्टी लावून खोली ठरवा. नाहीतर बूड कुठे संपलं ते पटाशी पलीकडे गेल्यावर कळतं. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ६ इंचाला सुमारे १५ मिलिमीटर जाड राहू द्या. आत्ता बारीक करायची नाही. का, ते पुढे.

पायरी ५: वाळवा

मे महिन्यात रावेरात पारा पंचेचाळिशी गाठतो. कच्चा करंडा पत्र्यावर वाळत घातला तर संध्याकाळी त्यातून पलीकडचं दिसेल. त्याला त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घाला आणि आतल्या खोलीत, पलंगाखाली ठेवा. दर रविवारी किराण्याच्या काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. आकडा उतरायचा थांबला की लाकूड वाळलं. दरम्यान कोणीतरी त्या आकड्यांप्रमाणे दूधवाल्याला पैसे देईल. तेवढं चालायचंच.

पायरी ६: अंतिम आकार ठरवा

वाळताना लाकूड वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने आक्रसतं. म्हणून गोल भांडं लंबगोल होतं. गाठीत सगळ्याच दिशा असल्यामुळे ते तिसऱ्याच आकाराचं होतं. दहावा हिस्सा जाडी राखली ती यासाठी: आता पुन्हा कातून गोल करता येतं.

पुन्हा कातताना पटाशी एकदा अडकेल आणि काठाचा तुकडा उडेल. मग आकाराबद्दलचं तुमचं मत बदलेल. मतबदलाचा क्रम साधारण असा असतो:

६ इंच: दिवाणखान्यातला करंडा.
४ इंच: कुंकवाचा करंडा, मूळ कल्पना तीच होती असं सांगावं.
२ इंच: अंगठीची डबी.
१ इंच: भोवरा. पुतण्याला द्यावा आणि पायरी २ कडे जावं.

पायरी ७: झाकण

इथे थांबा, चहा घ्या. बाकी सगळ्या पायऱ्या लाकडाच्या आहेत, ही पायरी स्वभावाची आहे.

जगभरच्या हौशी कातकामवाल्यांना झाकण उघडताना "फट्ट" असा आवाज हवा असतो. झाकणाचं कुसू, म्हणजे खालून आत जाणारा भाग, काठाच्या खोबणीत इतकं चपखल बसवायचं की आतली हवा अडली पाहिजे. पाहुण्यांसमोर करायला हा प्रयोग झकास आहे. नवशिक्या उन्हाळ्यात कुसू केसाकेसाने तासत तो आवाज आणतो, घरभर वाजवून दाखवतो आणि सत्काराची वाट पाहतो.

मग श्रावण येतो. कोरडं लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं, झाकण एकीकडे आणि काठ दुसरीकडे. मंगळागौरीला बायका जमल्या आहेत. उजव्या हाताचं बोट कुंकवात घालायचं म्हणून घरची सून डाव्या हाताने झाकण उचलते, तर झाकणासकट करंडाच वर येतो. ती हलवून बघते. सासूबाई "आण इकडे" म्हणतात. करंडा गुडघ्यात दाबून हिसका दिला जातो आणि "फट्ट" होतं. आवाज अगदी हवा होता तसाच. फक्त कुंकू छतापासून नव्या पैठणीपर्यंत सगळीकडे. त्या घरात पुढची दहा वर्षं स्टीलची डबी वापरली जाते.

म्हणून झाकण सैल करा. कुसू आणि काठ यांच्या फटीतून जुनं पोस्टकार्ड सहज फिरलं पाहिजे. कुसू चार-पाच मिलिमीटरच लांब ठेवा आणि खालच्या बाजूला किंचित निमुळतं करा. झाकणाचा काठ करंड्याबाहेर थोडा येऊ द्या, म्हणजे ते स्वतःच्या वजनाने बसेल आणि आतली फट कोणाला दिसणार नाही. वर कळस काढायचा तर दोन बोटांत मावेल एवढाच. गोपुर उभारलंत तर पहिल्यांदा फडकं मारतानाच मोडेल.

परीक्षा सोपी आहे. एक हात पाठीमागे धरा आणि दुसऱ्याने झाकण उचला. करंडा जागचा हलला तर नापास.

पायरी ८: चकाकी

पॉलिश पेपर १२० पासून चढत ४०० पर्यंत जा. मधला नंबर गाळला तर ओरखडे वाट बघत बसतात आणि पॉलिश लावल्यावर वर येतात. गाठीच्या भेगांत भुसा आणि झटपट चिकटणारा गोंद भरा, नाहीतर कुंकू त्यांतून झिरपून टेबलावर स्वतःची रांगोळी काढेल. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने पातळ हात द्या. सावंतवाडीला कातीव खेळण्यांवर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडाला दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चमक आणतात. आपण ते बघावं आणि फडक्याकडे परत यावं. गाठीच्या नक्षीवर रंग फासायचाच होता तर आंब्याची फळी काय वाईट होती?

नेहमीचे प्रश्न

*सावंतवाडीला तयार करंडा मिळतो, मग हा उपद्व्याप कशासाठी?*
हा प्रश्न बाहेरचे विचारत नाहीत. घरातून आल्यास पुढचा प्रश्न पाहा.

*एक लाटणं करून मिळेल का?*
मिळेल. खरं तर तेच आधी करा. सरळ रेषांचं शिसवाचं लाकूड घ्या, हात बसतो. लाटणं दिल्यावर करंड्याच्या ढलप्या घरभर उडाल्या तरी वर्षभर कोणी बोलत नाही.

*कातताना गाठीतून मोठं भोकच निघालं तर?*
भिंतीला निघालं तर त्याला नैसर्गिक सौंदर्य म्हणतात. बुडाला निघालं तर भोक म्हणतात.

*करंड्यात ठेवायचं काय?*
काही ठेवू नका. आठवड्यात तो आपोआप भरेल. रक्तदाबाच्या गोळ्या, शर्टाचं तुटलेलं बटण, सुटे पैसे, मोटारीच्या स्टार्टरचा फ्यूज. शोभेच्या वस्तूची ही दशा पाहून वाईट वाटून घेऊ नका. झाकण बरोबर बसल्याची हीच पावती आहे. ज्याचं झाकण काढायला दोन हात लागतात, त्या करंड्यात घरातलं कोणी काही ठेवत नाही. त्यावरची धूळ फक्त दिवाळीला पुसतात.